समासातलं शून्य

आमच्या मंडळाचं क्षेमपत्र हल्ली एक शिक्षिका काढतात. परवा त्यांचं कार्ड आलं. 'जुन्या साधकांनी आपली खुशाली चार ओळींत कळवावी. साधना कशी चालली आहे, घरी कसं आहे, एवढं पुरे.' अक्षर चांगलं आहे, फक्त वेलांट्या उगाच लांब ओढतात. मी लगेच दौत-टाक घेऊन बसलो. 'प्रकृती उत्तम. आसने, प्राणायाम नियमित. घरी' इथवर आलो आणि हात थांबला. घरी मी एकटा. एक मांजर येतं, तेही दुधापुरतं. त्या 'घरी'पुढे काय लिहावं ते सुचेना, आणि सुचेना म्हणून रागच आला. बाईंचा नव्हे, माझा मलाच.

तेव्हा चार ओळी राहू देत. आज सगळंच लिहितो. बाईंना पत्रात घालायचं असेल तर घालावं, नाहीतर चुलीत घालावं.

हे पत्र एके काळी मीच काढत असे. लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी कारकून होतो. मूळचा मावळातलाच, शेतकऱ्याचा मुलगा. मॅट्रिक झालो म्हणून नांगर सुटला आणि टाक हातात आला. दिवसभर करंड्या, पेट्या, पावत्या. आणि सकाळ-संध्याकाळ मंडळ. मंडळ म्हणजे तुंगार्लीच्या वाटेवर एका पारशी गृहस्थाचा रिकामा बंगला, त्याचा लांबलचक व्हरांडा, वीस-पंचवीस चटया आणि आमचे गुरुजी. गुरुजी जंगलखात्यातून निवृत्त झालेले. दाढी नाही, भगवं नाही. धोतर, बंडी, आणि कुणी आसनात घाई केली की एकच वाक्य, "सावकाश. श्वास कुठे पळून जात नाही." त्यांनी कधी चमत्कार सांगितले नाहीत, कुणाचा रोग घालवतो असंही म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्याचा बोल त्यांना लावणारे काही जण निघाले होते. बोल लावायचाच तर मला लावा.

मंडळाची माणसं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत विखुरलेली. दर पौर्णिमेच्या सुमारास प्रत्येकानं एक कार्ड टाकायचं आणि त्यात तीन गोष्टी कळवायच्या: शरीर, श्वास आणि घर. ती सगळी कार्डं माझ्याकडे येत. मी त्यांतून दोन पानांचं पत्र तयार करी. पत्र्याच्या ट्रेमध्ये सरसाचा थर असे. जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद त्यावर उलटा दाबला की अक्षर सरसावर उतरे, आणि मग कोरे कागद लावून एकेक प्रत उचलायची. पहिल्या प्रती गडद निघत, शेवटच्या इतक्या फिक्या की वाचणाऱ्यानं अंदाजानं वाचावं. माझी बोटं कायम जांभळी. अक्षराचा मला गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही. पान कसं, मोत्यांच्या सरीसारखं दिसलं पाहिजे. एक खाडाखोड झाली तर मी सगळा कागद पुन्हा लिहीत असे.

आता आमची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलं. मंडळात असं मानत की जे व्हावंसं वाटतं ते झालंच आहे असं धरून चालावं. मनाला तीच वाट लागते. त्याला आम्ही संकल्प म्हणत असू. कार्डात 'गुडघेदुखी गेली' असं आलं तर ती गेलेली असे किंवा जावी असा संकल्प असे. आम्हा जुन्यांना ते ओळखू येई. कोण काय लिहितो, कुणाचा गुडघा अजून कुरकुरतो, हे आम्ही व्हरांड्यात डोळ्यांनी पाहतच होतो.

पण आबांना ते कसं कळावं? आबा म्हणजे माझे सासरे. पवन मावळात, पवना नदीपलीकडच्या तिकोणा पेठ गावात त्यांची भातशेती होती. बायको लवकर गेली, मागं एकच लेक, ती मला दिलेली. सगळी पेठ त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. एकदा लेकीकडे आले असताना कंबर धरली म्हणून मी त्यांना गुरुजींकडे नेलं. गुरुजींनी त्यांना जमिनीवर उताणं झोपवून नुसतं श्वासाकडे बघायला सांगितलं. आबा पंधरवडाभर श्वासाकडे बघत राहिले आणि कंबर खरोखरच मोकळी झाली. तेव्हापासून ते मंडळाचे. लिहिता-वाचता येत नव्हतं. पेठेच्या शाळेचे मास्तर आमच्यातलेच. ते आबांचं कार्ड लिहीत आणि पत्र आलं की पारावर बसून त्यांना वाचून दाखवत. पहिली, सगळ्यांत गडद प्रत मी पेठेला पाठवत असे. सासऱ्याचा मान.

आबांच्या लेखी ते पत्र म्हणजे शपथेवर बोललेलं. योग करणारा माणूस खोटं लिहीलच कसं? एका महिन्याला तळेगावच्या एका साधकानं कळवलं, 'कन्येचा विवाह उत्तम स्थळी जमला.' तो बिचाऱ्याचा संकल्पच होता. आबांनी ते ऐकलं आणि बैलगाडीत आंबेमोहोराचं पोतं घालून थेट तळेगाव गाठलं. दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर म्हनले, पोरीचं लगीन जमलं. म्हनून आलो. तांदूळ घरचा हाय." आतून बाई बाहेर आल्या आणि रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "कुणाचं लग्न? अजून तिला पाहायलासुद्धा कुणी आलेलं नाही!" आबा ओशाळले. पोतं मात्र परत नेलं नाही. "आज न्हाई तर उद्या जमंलच की," म्हणून ठेवून आले.

आम्ही महिनाभर हसलो. मी तर ती गोष्ट पार्सल ऑफिसातही रंगवून सांगत असे, आबांची नक्कल करून. माझी बायको मात्र हसली नाही. "माझा बाप साधा हाय, म्हनून हसताय," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

गुरुजीही हसले नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "यापुढे ज्या ओळीत संकल्प असेल, तिच्यासमोर समासात एक लहान शून्य काढत जा. वाचणारा सांगेल, ऐकणाऱ्याला कळेल." पेठेच्या मास्तरांनाही तसं कळवलं. मी शून्यं काढू लागलो. मनातून मला ते आवडलं नव्हतं. समास कसा स्वच्छ हवा. ही शून्यं म्हणजे पानाला देवी आल्यासारखी दिसत. पण काढत होतो, आणि पेठेला मास्तर वाचताना थांबून म्हणत, "आबा, हे झालेलं न्हाई बरं का, व्हावं असं हाय." आबा मान डोलवत. म्हणजे आबांना शून्याचा अर्थ पक्का कळला होता. आणि शून्य नसलं तर त्याचा अर्थ काय, तेही कळलं होतं.

बायको मंडळात कधी आली नाही. तिला त्यात गंमत वाटे. मी नेतीसाठी नाकात सुताची दोरी घातली की ती दाराशी उभी राहून शेजारणीला सांगे, "सकाळच्या पारी नाकात दावं घालून बसत्यात, आन् मला म्हंत्यात, तू शांत ऱ्हा." मी चिडत असे. ध्यानाच्या वेळी भांड्याचा आवाज झाला तरी चिडत असे. योगानं माझा श्वास लांब झाला होता, राग तेवढाच आखूड राहिला होता. ती ऐकून घेई आणि पुढच्या खेपेला भांडं अलगद ठेवी. आज भांडी मी घासतो. कितीही अलगद ठेवली तरी वाजतात.

त्या वर्षी मंडळाची तळेगावला शाखा निघायची होती. तिथला शिक्षक गुरुपौर्णिमेला ठरायचा होता, आणि माझं नाव चाललं होतं. का, तर हा गृहस्थ असून ह्याला कधी साधं पडसं नाही, ह्याच्या घरात औषधाची बाटली नाही. असं चारचौघांत बोललं जाई आणि मी खाली मान घालून ऐकत असे. मान खाली असली तरी छाती वर असे.

आणि माघात बायकोला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापे. मी तिला अनुलोम-विलोम करायला बसवलं. ती दोन श्वास घेई आणि तिसऱ्याला खोकला येई. मी म्हणे, "मन लावून कर." फाल्गुनात रेल्वेचे डॉक्टर घरी आणले, तेही आडवेळी, कुणी बघू नये म्हणून. त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "छाती धरली आहे. लोणावळ्याचा पावसाळा हिला सोसणार नाही. पावसाच्या आत माहेरी पाठवा. दूध, विश्रांती, मोकळी हवा. अजून वेळ आहे." अजून वेळ आहे, असं ते दोनदा म्हणाले.

ती खुशीत आली. कितीतरी वर्षांत माहेरी राहिली नव्हती. मी म्हटलं, रविवारी कामशेतपर्यंत गाडीनं जाऊ, पुढं बैलगाडी करू. तर मान हलवली. "आसं न्हाई. आबा न्यायला आल्याबगर मी कशी जाऊ? तुमी आजारी बायकू नेऊन सोडली तर पेठंत लोक म्हंतील, टाकली. आबांला कळवा. ते गाडी घिऊन येतील." तिचं खरं होतं. आमच्याकडे लेक माहेरी जायची ती न्यायला कुणी आलं तरच.

चैत्री पौर्णिमेच्या पत्राचा तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारची वेळ, मी खिडकीशी, ती आतल्या खोलीत. खोकल्याची उबळ आली की मी टाक उचलून धरी, अक्षर हलू नये म्हणून. सगळ्यांच्या ओळी झाल्या, शेवटी माझी आली. आतून ती म्हणाली, "आबांचं लिव्हलंत का?"

मी म्हटलं, "लिहितोय."

आणि लिहिलं, 'लोणावळा: शरीर, श्वास उत्तम. सौभाग्यवतीस किंचित अस्वास्थ्य होते, ती पूर्ण बरी झाली.' मनात म्हटलं, हा संकल्पच आहे, आणि इतक्या जणांनी एकदम धरला तर फळेल. खोटं वाटत नव्हतं, अगदी मनापासून सांगतो. पण मग त्या ओळीसमोर शून्य काढायला टाक नेला आणि हात मागं आला. शून्य काढलं की सगळ्यांना कळणार, माझ्या घरात आजार आहे. तळेगावला कळणार. समास कोरा राहिला. पान सुरेख दिसत होतं.

पहिली, गडद प्रत पेठेला गेली.

ती वाट पाहू लागली. कामशेतच्या बाजाराला येणाऱ्या पवन मावळातल्या गाड्यांतली एखादी पुढं लोणावळ्यापर्यंत येई. चाकाचा आवाज आला की ती उठून दारात जाई, आणि गाडी पुढं गेली की चौकटीला धरून परत येई. वैशाखात एक दिवस गाडी खरंच आमच्या दाराशी थांबली. पण आबा नव्हते. पेठेचा एक गाडीवान होता. त्यानं करवंदांची पाटी उतरवली, पळसाच्या पानांनी झाकलेली, आणि तिलाच सांगितलं, "आबांनी धाडल्यात. पत्रात आलं नव्हं, तू पूर्न बरी झालीस म्हनून. ते ऐकलं आन् म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. मारुतीला नारळ फोडला, सगळ्या पेठंला खोबरं वाटलं."

ती पाटीकडे बघत उभी राहिली. गाडीवान गेल्यावर मला विचारलं, "तुमी आबांला काय कळिवलं?"

मी तिला संकल्प समजावून सांगू लागलो. चांगला दहा मिनिटं बोललो असेन. मनाची शक्ती, वृत्ती, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी आबा येनार न्हाईत."

ती रडली असती, भांडली असती, तर मी उलट भांडून मोकळा झालो असतो. ती खाली बसली आणि करवंदं निवडू लागली. मग म्हणाली, "तुमचं अक्षर लय देखनं म्हंत्यात सगळी. आता येक साधं कार्ड लिव्हा. पोर आजारी हाय, न्यायला या. यवढंच."

मी तेवढंच लिहिलं. तिच्यासमोर लिहिलं, कोट घातला, कार्ड खिशात टाकलं आणि स्टेशनकडे निघालो. टपालपेटीपाशी पोचलो आणि विचार आला, हे कार्ड आबांना वाचून कोण दाखवणार? मास्तर. मास्तर मंडळाचे. गेल्याच महिन्यात ज्यांनी 'पूर्ण बरी' वाचलं, ते आता हे वाचणार. मग शून्य का नव्हतं हा प्रश्न निघणार, आणि तो गुरुपौर्णिमेच्या आत निघणार. मी कार्ड परत खिशात ठेवलं. दोन दिवस राहू दे, तेवढ्यात हिला उतार पडेल. दोन दिवसांचे आठ झाले. ती विचारी, "कार्ड पोचलं आसंल न्हवं?" मी म्हणे, "पोचलं असेल."

ही कार्डाची गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

ज्येष्ठात पावसानं वाट बंद केली. पवनेला पाणी आलं, गाड्या थांबल्या. वैशाखाच्या पत्रात जागा नाही म्हणून मी माझी ओळ गाळली होती, या महिन्याच्या पत्रात ती पुन्हा लिहायची होती. 'पूर्ण बरी' म्हटल्यावर आजारी कसं म्हणणार? 'घरी सर्व क्षेम' असं लिहिलं. समास कोराच. टपालवाला पाण्यापावसात पेठेला जाईच.

आषाढात तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. त्याच आठवड्यात गुरुजी न सांगता घरी आले. कुणाकडून तरी कुणकुण लागली असावी. तिच्या उशाशी बसले, नाडी पाहिली, आणि बाहेर येऊन मला एकच प्रश्न विचारला, "हिच्या वडिलांना कळवलं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत्ता. कार्ड नको, माणूस पाठव."

पार्सल ऑफिसात एक हमाल पवन मावळातला होता. त्याला मी घरी आणून तिची अवस्था दाखवली आणि पाठवलं. दुधिवऱ्याच्या खिंडीतून उतरून, नदी पोहून, तो दिवस कलायच्या आत पेठेला पोचला. मी हिशेब केला होता: आबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतील. तिलाही तसं सांगितलं. तिनं शेजारणीकडून वेणी घालून घेतली, धुतलेलं लुगडं नेसली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमाल आला. एकटाच. हातात एक गाठोडं. ती त्याच्या मागं बघत होती.

"आबा यायचंच म्हनत न्हाईत," तो मला म्हणाला. "म्या लय सांगितलं. तर हसाया लागले. म्हनले, तुला कुनी कायबी सांगितलं आसंल, दुसऱ्या कुनाची तरी आसंल. आमचं जावई मंडळातले हायेत, त्यांनी सोता लिव्हलंय, पूर्न बरी. मास्तरला बलावून म्होरं वाचाया लावलं. मास्तरबी म्हनले, शून्य न्हाई, म्हंजी बरी हाय. मला जेवाय घातलं, आन् ह्ये नाचनीचं पापड दिलं तिच्यासाठी. नदी उतरली की येतो म्हनले, सवडीनं."

गाठोडं मी तिच्या हातात दिलं. तिनं ते सोडलं नाही, छातीशी धरून पडली. मग म्हणाली, "आबांचं चुकलं न्हाई." माझ्याबद्दल काहीच म्हणाली नाही. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर आज मी तिचे उपकार मानले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून आत नेलं, तर ती गेली होती.

पुन्हा तोच हमाल गेला. या वेळी आबा निघाले, पण नदी वाढली होती आणि म्हाताऱ्याला ती लांबून वळसा घालून ओलांडावी लागली. ते आले तेव्हा चौथा दिवस होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर घोंगडं. दारात उभे राहून त्यांनी आतल्या खोलीत बघितलं, मग माझ्याकडे. कमरेच्या पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेली दोन्ही पत्रं काढली आणि माझ्यापुढं धरली. बोट बरोबर माझ्या ओळीवर होतं. मास्तरांनी दाखवून ठेवलं असावं.

"ह्यात तर पूर्न बरी हाय," ते म्हणाले. "मंग येकायेकी काय झालं, पावनं?"

तेव्हा सांगायचं होतं. समोर तिचा बाप उभा होता, घरात तिसरं कुणी नव्हतं, लाज बाळगण्यासारखं माझ्यापाशी काही उरलंही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "दुखणं उलटलं, आबा."

आबा भिंतीला टेकून खाली बसले. चिखलाचं पाणी जमिनीवर पसरत गेलं. ते म्हणाले, "म्हंजी मदी बरी झाली व्हती."

"होय."

"दोन म्हयनं तरी बरी व्हती."

"होय."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुमी लय केलं तिचं," म्हणाले. मी त्या हाताखाली बसून राहिलो.

तळेगावच्या शाखेला मी गेलो नाही. डोळे दुखतात असं सांगून पत्राचं कामही सोडलं. गुरुजींना मात्र मी सगळं सांगितलं होतं, खिशातल्या कार्डाखेरीज सगळं. ते म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? पेठेला जा आणि तिथं सांग." पुढे भेटलो की ते विचारत, "जाऊन आलास?" मी म्हणे, "जाऊन आलो." जाऊन येत होतोच. सांगून येत नव्हतो.

दर वर्षी भात झोडून झालं की मी पेठेला जाई. आबा मला ओट्यावर बसवत, गूळ-पाणी देत आणि जरा वेळानं विचारत, "ती बरी झाल्याली, तवाचं सांगा की." पहिल्या वर्षी मी चाचरत म्हटलं, भूक लागायची तिला चांगली. आबा खूश झाले. "काय खायाची?" मी म्हटलं, तुमची करवंदं. पुढच्या वर्षी विचारलं, "घराबाहीर पडायची का?" मी म्हटलं, एकदा वळवणच्या तळ्यावर नेलं होतं, काठाकाठानं बरंच चालली. त्या तळ्यावर मी तिला कधीच नेलं नव्हतं. ती दर वर्षी जाऊ म्हणे आणि मी साधनेची वेळ झाली म्हणून टाळत असे. मग तळ्यावर तिनं पाण्यात पाय सोडले, मग ती हसली, मग माझ्या नाकातल्या दाव्याची नक्कल केली, असं दर वर्षी वाढत गेलं. पेठेच्या बायकांनासुद्धा ती तळ्याची गोष्ट पाठ झाली होती. सुखाचे दोन महिने मी तिला असे दिले, ती गेल्यावर, एकेका वर्षानं.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मास्तरांचं कार्ड आलं, आबा अंथरुणाला खिळले आहेत. मी निघालो तो ठरवूनच. कामशेतपासून चालत गेलो आणि वाटभर वाक्यं जुळवत होतो. खिशात ते जुनं कार्डही घेतलं होतं. पिवळं पडलं होतं, पण जांभळी शाई शाबूत होती. त्यांना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवणार होतो. पोर आजारी हाय, न्यायला या. तिच्याच शब्दांत लिहिलेलं होतं.

आबांनी मला आवाजावरून ओळखलं. मास्तर उशाशी होते. आबा त्यांना म्हणाले, "ह्ये जावई माझं. ह्यांनी माझ्या पोरीला बरी केली व्हती." मग माझा हात चाचपून धरला. "पावनं, तळ्याचं सांगा."

कार्ड खिशातच होतं. मी तळ्याचं सांगितलं. पाणी कसं होतं, तिनं पदर कसा खोचला, पाय कसे सोडले, सगळं. ऐकता ऐकता त्यांना झोप लागली. आठवड्यानं ते गेले.

बाईंनी विचारलंय, घरी कसं आहे. माझी खुशाली ही एवढीच आहे, आणि या ओळीसमोर शून्य काढायचं नाही. आबा, ती बरी झाली नव्हती. एक दिवससुद्धा नाही.